उसनं नाक

साखरखेर्ड्यात निम्म्या गावाचा ई-मेल पत्ता एकच आहे आणि तो माझा आहे. पॅनकार्ड असो, पीकविमा असो, पोरांची स्कॉलरशिप असो, अर्जात ई-मेलचा रकाना आला की मी माझाच पत्ता टाकून मोकळा होतो. त्यामुळे कोणाचं काय मंजूर झालं आणि कोणाचं काय फेटाळलं गेलं, हे त्याच्या आधी मला कळतं. लोकांना वाटतं मला त्यात मजा येत असेल. मला वैताग येतो. पण २०२१ च्या सप्टेंबरात या पत्त्यावर येणाऱ्या एका कागदाची मी जेवढी वाट पाहिली, तेवढी स्वतःच्या नोकरीच्या पत्राचीही पाहिली नव्हती. ते तर अजून आलेलं नाही.

माझं नाव संघर्ष. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पाटीवर ‘अचूक माहिती, तत्पर सेवा’ असं लिहिलेलं आहे. त्या पाटीमुळेच मी या गोष्टीत परदेशांची नावं घेणार नाही. त्या देशांचे नियम दर पंधरवड्याला बदलत होते. उद्या कोणी म्हणायला नको, की संघर्षनं चुकीचं सांगितलं.

माझी माय, जनकाबाई, आठवडी बाजारात भाजी विकते. तिच्या डाव्या हाताला सत्यभामाकाकू बसते. बावीस वर्षं झाली. मायपाशी वांगी, मिरच्या, काकूपाशी मेथी, पालक आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. जात वेगळी, आळी वेगळी, देव वेगळे. आमच्याकडे तर देवच नाही, बुद्धविहार आहे. पण बाजारात दोघींची पोती अशी लागून अंथरलेली असतात, की मधून मांजर जाणार नाही. एक चहाला गेली की दुसरी दोन्हीकडचं विकते. बाजारकराची पावती फाडणारा आला की जी बसलेली असेल ती दोघींची पावती घेते. तो विचारतो, “जनकाबाई?” काकू म्हणते, “हाव.” तो विचारतो, “सत्यभामाबाई?” काकू म्हणते, “हाव.” त्यालाही बावीस वर्षांत यात काही वावगं दिसलेलं नाही.

जुलैच्या नऊ तारखेला बाजारात पावतीवाल्याच्या ऐवजी आरोग्य खात्याचं पथक आलं. भाजीवाल्यांचे पंचवीस स्वॅब घ्यायचे, असं त्यांना वरून उद्दिष्ट होतं. नेट चांगलं म्हणून टेबल माझ्या दुकानासमोर लागलं आणि नोंदी करायला मलाच बसवलं. पथक दिसताच माय उठली आणि शेषराव किराणावाल्याच्या गोदामात शेंगदाण्याच्या पोत्यांमागे जाऊन बसली. ती हसण्यासारखी गोष्ट नव्हती. एप्रिलमध्ये माझा दयाराममामा असाच नाकात काडी घालून घ्यायला गेला होता. तिथून त्याला दवाखान्यात नेलं, आणि नंतर आम्ही पाहिलं ते बांधलेलं गाठोडंच. मायनं तेव्हापासून त्या काडीचं नाव घेतलं नव्हतं.

“जनकाबाई गुलाबराव,” पथकातल्या माणसानं यादी वाचली.

“हाव,” काकू म्हणाली आणि खुर्चीत बसली.

काकूचा स्वतःचा स्वॅब आदल्या आठवड्यात होऊन गेला होता, निगेटिव्ह आला होता. मी समोर होतो. मला खुर्चीत कोण बसलंय ते दिसत होतं. मी मायचा आधार नंबर टाइप केला, तो मला पाठ आहे. बस एवढंच. पुढचं सगळं त्या बारा आकड्यांमुळे झालं, आणि ते माझ्या बोटांनी टाकले होते, हे मी कोणापासून लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी ई-मेल आला. जनकाबाई गुलाबराव, पॉझिटिव्ह.

त्याच दुपारी आमच्या दारात गाडी उभी राहिली. ‘हे नाक माझं नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर तिघंही अडकलो असतो, काकू, माय आणि मी. बाप म्हणाला, “जाय. दहा दिवस तं हायेत.” माय एक लुगडं अंगावर आणि एक पिशवीत घेऊन गाडीत बसली. देऊळगाव राजाकडच्या एका वसतिगृहात सेंटर होतं. तिथं चांगली ठणठणीत बाई चाळीस आजारी माणसांत दहा दिवस राहिली. दोन्ही बाजूंना खोकणाऱ्या बाया, रोज एक उकडलेलं अंडं. तिला काही झालं नाही, हे तिचं नशीब. त्यात आमचं काही कर्तृत्व नाही.

इकडे काकूला दोन दिवस ताप आला. तिसऱ्या दिवशी चव गेली. तिनं वरणात तीनदा मीठ घातलं. तिचे यजमान नारायणराव ते निमूटपणे जेवले, कारण आपलं काय चुकलं ते त्यांना आठवत नव्हतं. मग तिला पटलं, की तो रिपोर्ट खरंच तिच्या नाकाचा होता. ती आपणहून मळ्यातल्या खोपीत जाऊन राहिली आणि बारा दिवसांनी परत आली.

माय सेंटरमधून आली तेव्हा ग्रामपंचायतीनं ‘कोरोनावर मात’ केल्याबद्दल तिचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. मायनं शाल ठेवून घेतली आणि नारळ काकूकडे पाठवला. त्या विषयावर दोघी एवढंच बोलल्या, म्हणजे काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या बाजारी पोती पुन्हा लागून अंथरली गेली.

काकूची एकच मुलगी, रुपाली. लग्न होऊन परदेशात गेलेली. तिला दिवस गेले होते आणि पाच ऑक्टोबरची तारीख दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही आपल्याकडची रीत. रुपालीला येणं शक्य नव्हतं. मग काकूनं ठरवलं, की पोरगी माहेरी येत नाही तर माहेरानं पोरीकडे जावं. पासपोर्ट लग्नाच्या वेळी हौसेनं काढून ठेवला होता, व्हिसा मिळाला, जावयानं नऊ सप्टेंबरचं तिकीट पाठवलं. ई-मेल अर्थातच माझ्याकडे आला, आणि त्याच्यामागोमाग नियमही आले.

नियम असे होते. रुपालीच्या देशानं इथून जाणारी सरळ विमानं बंद केली होती. मधल्या एका देशात उतरून जाता येत होतं. पण रुपालीचा देश भारतातला रिपोर्ट मानत नव्हता. चाचणी मधल्या देशातच करायची, निकाल येईपर्यंत तिथल्या हॉटेलात राहायचं, निगेटिव्ह आली तर पुढचं विमान. पॉझिटिव्ह आली तर चौदा दिवस तिथंच. आणि मधल्या देशात पाय ठेवायचा तर इथला निगेटिव्ह रिपोर्ट हवा, बहात्तर तासांच्या आतला. म्हणजे नाक दोनदा द्यायचं, एकदा इथं आणि एकदा तिथं.

बहात्तर तास कुठून कुठपर्यंत मोजायचे, हे विचारायला मी विमान कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी बोलली.

“सर, सॅम्पल दिल्यापासून डिपार्चरपर्यंत.”

“कोणतं डिपार्चर? मुंबईचं, का मधल्या देशातलं?”

“डिपार्चर, सर.”

“मी तेच विचारतोय.”

“मी तेच सांगतेय, सर.”

काकू समोर बसली होती. “काय म्हणे ते?”

“डिपार्चर म्हणे.”

“बरं हाये मंग,” काकू म्हणाली.

सहा तारखेला तिनं देऊळगाव राजाला सॅम्पल दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. सत्यभामाबाई नारायणराव, पॉझिटिव्ह.

मी दोनदा वाचला. काकूला ना ताप, ना खोकला. सकाळीच तिनं मेथीचे दोन वाफे खुरपले होते. मी लॅबच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “दोनेक महिन्यांपूर्वी होऊन गेलाय का? मग मेलेला विषाणू असेल. नाकात रेंगाळतो कधी कधी. कोणाला अपाय नाही. मागचा पॉझिटिव्ह रिपोर्ट असेल तर तो जोडा, चालतो.”

मी नियम पुन्हा उघडला. खरंच होतं. ज्याला आजार होऊन गेलाय त्यानं एकवीस ते नव्वद दिवसांपूर्वीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवला, तर तो निगेटिव्हच्या जागी चालत होता, दोन्ही देशांना. दीड वर्षात पहिल्यांदाच कोणीतरी माणसाकडे पॉझिटिव्ह रिपोर्ट मागत होतं. तसा रिपोर्ट होता. बरोबर साठ दिवसांपूर्वीचा होता. मी स्वतः त्याला लॅमिनेशन केलं होतं. फक्त त्याच्यावर नाव माझ्या मायचं होतं.

काकूला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“म्हंजे माहा कोरोना जनकापाशी हाये,” ती म्हणाली.

“कागद तिच्यापाशी आहे, काकू.”

“तेच तं.”

जावयानं तिकिटाची तारीख पुढे ढकलली. एकवीस सप्टेंबर मिळाली. त्यानंतर जागा होती ती थेट बारा ऑक्टोबरला, म्हणजे बाळ आठवड्याचं झाल्यावर. एकवीसला काकू निघाली नाही तर रुपाली परक्या मुलखात एकटीच बाळंत होणार होती. फोनवर रुपाली रडत नव्हती, पण तिनं तीनदा विचारलं, “आई, तू येशीन ना?” आणि तिन्ही वेळा काकूनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, आपण बुलढाण्याला जाऊ आणि खरं सांगून टाकू. नाव दुरुस्त करून घेऊ. हे बोलायला मला दोन दिवस लागले, कारण खरं सांगितलं असतं तर माझं केंद्र बंद होऊ शकत होतं. मी घाबरलो होतो. पण त्याहून जास्त मला माझा राग येत होता.

माय, काकू आणि मी, तिघं बसनं गेलो. तिथल्या एका कार्यालयात साहेबांनी आमची कहाणी शेवटपर्यंत ऐकली. मग त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

“म्हणजे यांना झाला तो यांना झालाच नव्हता. आणि यांना झाला तो त्यांच्या नावावर आहे.”

“हो, साहेब.”

“रुग्ण एकूण किती?”

“एक, साहेब.”

“म्हणजे जिल्ह्याचा आकडा बदलत नाही.”

“नाही.”

“मग माझी काही हरकत नाही,” साहेब म्हणाले. त्यांनी संगणकाकडे पाहिलं. “पण पोर्टल लॉक आहे. तीस दिवसांनंतर नाव बदलत नाही. माझंच आडनाव चुकलंय त्यात, ते बदलत नाही.”

“पत्र द्या, साहेब. शिक्का मारून.”

“काय लिहू? तोतया नाकाचा स्वॅब घेतला म्हणून? तिघांवर गुन्हा दाखल होईल आणि पथकातला माणूस निलंबित होईल. त्याची दोन लेकरं आहेत.” साहेबांनी पेन खिशाला लावलं. “तुम्ही आलाच नाहीत, असं मी समजतो. चहा घेऊन जा.” मग मायकडे पाहून म्हणाले, “बाई, तुमची लस झाली का?”

“नाई, साहेब. आजार झालेल्यांनी तीन महिने घ्यायची नाई, म्हणून वापस धाडलं.”

“पण तुम्हाला तर झालाच नाही.”

“हाव. पण कागदावर झाला ना.”

साहेबांनी घंटी वाजवली. मग शिपायाला म्हणाले, “यांना खाली ने. काही विचारू नका म्हणावं, टोचून टाका.” त्या दिवशी बुलढाण्यात आमचं झालेलं काम एवढंच. मायला लस मिळाली आणि आम्हाला चहा.

तेराला काकूनं पुन्हा सॅम्पल दिलं. पुन्हा पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, फार थोडं राहिलंय, आठवडाभरात निघून जाईल, किंवा जाणार नाही. या वाक्याचं काय करायचं ते आम्हाला कळलं नाही.

एकोणीस ही शेवटची तारीख होती. त्याआधीचं सॅम्पल बहात्तर तासांत बसत नव्हतं आणि नंतरच्याचा रिपोर्ट वेळेत येत नव्हता. सकाळी काकू बॅग वजन करायला माझ्या दुकानात आली. माझ्याकडे वजनकाटा आहे, भंगारवालेही येतात. बॅगेत डिंकाचे लाडू होते, बाळंतशेपा होत्या, खारका होत्या, घुटीचा डबा होता. तेवीस किलोची मर्यादा होती आणि बॅग साडेतेवीस भरली. काकूनं स्वतःच्या दोन साड्या काढल्या. लाडू काढले नाहीत.

तेवढ्यात माय आली. तिच्या हातात जुन्या लुगड्याची चार दुपटी होती. नव्या जिवाला जुनं कापड लागतं. नवं कापड कडक असतं, टोचतं, म्हणून घरच्या बाईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून दुपटी शिवतात. मायनं तीन रात्री बसून ती हातानं शिवली होती. कडेला बारीक टाका घातला होता.

“हे धर,” माय म्हणाली. “अन् ऐक. आज सॅम्पल मी देते. तुह्या नावानं.”

काकूनं दुपटी हातात घेतली. माय बोलतच होती.

“पदर डोक्यावरून घेतला तं कोन पाह्यते? तोंडाले मास्क हाये. संघर्ष आधार कार्ड दाखवीन. तुहं एक नाक माह्याकडं उसनं हाये. हळद उसनी नेली तं वापस करत नाई का मानूस?”

मी काकूकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. मायचं नाक स्वच्छ होतं. काकूचं रोगट नव्हतंच, डॉक्टरांनी सांगितलं होतं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी मनातल्या मनात दोघींची उंचीसुद्धा मोजून पाहिली. तीच काडी नाकात घालायच्या भीतीनं माय शेंगदाण्याच्या पोत्यांमागे लपली होती, आणि आज ती स्वतःहून नाक पुढे करत होती, हे मला पाहवत नव्हतं आणि आवडतही होतं.

काकू दुपटं उलगडून पाहत होती. हिरवट लुगडं होतं, बारीक चौकटीचं.

“हे तं तू सेंटरले नेलं व्हतं ते,” ती म्हणाली.

“हाव. तेच लय मऊ झालं. दहा पान्यातनं काढलं व्हतं म्या, भेऊ नको.”

काकू खाली बसली, माझ्या दुकानाच्या पायरीवर. दुपटं तिच्या मांडीवर होतं.

“जनका, तठी किती जनी व्हत्या तुह्याबरोबर?”

“चाळीस.”

“त्यातल्या किती गेल्या?”

माय म्हणाली, “दोन. एक माह्याच शेजारच्या खाटेवर.”

हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

काकूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलं नाही. “म्या हाव म्हनलं अन् बसली खुर्चीत. पावती फाडल्यासारखं. तू मेली असती तं? मले माफ कर वं, बाई. दोन महिने झाले, मले हे म्हनायचं व्हतं.”

“मीच तं पळाली व्हती,” माय म्हणाली. “तू काय करशीन?”

“तू नको देऊ माह्या नावानं,” काकू म्हणाली. “डॉक्टर म्हनते मेलेला हाये. मेलेला हाये तं कागदावरबी मेलेलाच येऊ दे. दुसऱ्याच्या नाकानं त्या लेकरापाशी नाई जायचं मले. आन् तठी मधल्या देशात कोन देईन? तठी तं मी एकटीच हाये.”

मला बोलायचा अधिकार नव्हता. मायनं पायरीवर तिच्या शेजारी बसून दुपटी पुन्हा घडी घातली आणि बॅगेत लाडवांच्या डब्यावर ठेवली. वजन तेवीसच्या वर दोनशे ग्रॅम गेलं. मी म्हटलं, चालतं.

देऊळगाव राजाला काकूनं स्वतःचं नाक दिलं. वीसच्या संध्याकाळी रिपोर्ट आला. मी तो उघडायच्या आधी पाणी प्यालो. निगेटिव्ह.

एकवीसला ती मुंबईहून गेली. नारायणराव विमानतळापर्यंत गेले होते. परत आल्यावर ते म्हणाले, “आत गेली. मांगं वळून नाई पाह्यलं. तिले वाटलं रांग चुकीन.”

पण अर्धंच झालं होतं. तेवीसला मधल्या देशात दुसरं नाक द्यायचं होतं. डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं, निघून जाईल किंवा जाणार नाही. एकदा निगेटिव्ह आलेलं नाक चार दिवसांनी पुन्हा पॉझिटिव्ह येऊ शकतं, असं मी नेटवर वाचलं आणि कोणालाच सांगितलं नाही. तसं झालं तर काकू चौदा दिवस त्या हॉटेलच्या खोलीत. सात ऑक्टोबरपर्यंत. आणि पाच ऑक्टोबरला रुपाली एकटी. त्या मधल्या देशात काकूला कोणाची भाषा येत नव्हती आणि कोणाला तिची येत नव्हती. तिनं एकदाच फोन केला. खिडकी उघडत नाही, म्हणाली, आणि इथले लोक भाताला मीठ घालत नाहीत.

चोवीसला बाजार होता. माय एकटीच आली. आधी तिनं आपलं पोतं अंथरलं, मग डाव्या हाताला काकूचं अंथरलं. नारायणरावांच्या मळ्यातून आलेल्या सांबाराच्या जुड्या त्याच्यावर मांडल्या. पावतीवाला आला.

“सत्यभामाबाई?”

“हाव,” माय म्हणाली. त्यानं दोन पावत्या फाडल्या.

अकराच्या सुमाराला आरोग्य खात्याचं पथक आलं. तिसरी लाट येणार म्हणून पुन्हा पंचवीसचं उद्दिष्ट होतं. पुन्हा माझ्या दुकानासमोर टेबल, पुन्हा मी नोंदीला. माणूस तोच होता, दोन लेकरांचा.

“सत्यभामाबाई नारायणराव,” त्यानं वाचलं.

“ते नाई,” माय म्हणाली. ती उठून टेबलापर्यंत आली होती. “परदेशात हाये.”

“मग तुम्ही द्या ना तिचा. पंचवीस भरायचेत मला. तुमचा न् तिचा, दोन्ही एकदमच घेतो.”

“नाई. माहा घ्या. माह्या नावानं.”

“एवढं काय त्यात?” तो म्हणाला.

माय खुर्चीत बसली. तिनं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. हाताच्या शिरा वर आल्या होत्या. मी तिचा आधार नंबर टाइप केला. बारा आकडे. या वेळी ते टाकताना मी दोनदा थांबलो, आणि नेट स्लो आहे असं म्हणालो. काडी आत गेली, बाहेर आली. माय डोळे उघडायला तयार नव्हती. तिला सांगावं लागलं, की झालं.

त्याच वेळी संगणकावर ई-मेल आला. मधल्या देशातल्या लॅबचा होता. फाइलला पासवर्ड लागत होता, प्रवाशाची जन्मतारीख. काकूची खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. आधारवर एक जानेवारी आहे, अर्ध्या गावाची तीच आहे. मी ती टाकली. फाइल उघडली. इंग्रजीत बरंच काही होतं. मला हवा असलेला शब्द सगळ्यात खाली होता.

“माय,” मी म्हणालो. “निगेटिव्ह.”

“कोनाचा?”

“काकूचा. आत्ता आला. उद्या तिचं पुढचं विमान.”

माय खुर्चीतच बसून राहिली. मागे रांग लागली होती. पथकातला माणूस म्हणाला, बाई, उठा. मग ती उठली आणि म्हणाली, “फोन लाव.”

मी लावला. स्पीकरवर ठेवला. तिकडे काय वाजले होते कोण जाणे. काकूनं पहिल्या रिंगलाच उचलला. मी रिपोर्ट सांगितला. तिनं तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी तोच शब्द सांगितला. मग ती रडली, मोकळी रडली, आणि बाजार ऐकत होता. थांबल्यावर तिनं विचारलं, “जनका हाये का तठी? माही पावती फाडली का?”

“फाडली,” माय म्हणाली. “सांबार बी अर्धा इकला. अन् ऐक. आज काडीवाले आले व्हते. म्या दिलं.”

“तू दिलं? तुह्या नावानं?”

“हाव.”

“भेव नाई वाटलं?”

“वाटलं.”

“मंग?”

“मंग काय. तू नव्हती ना.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी लाइन चालूच ठेवली.